तेल प्यायलेली रबरं

मोटारसायकलच्या मागच्या चाकात रबर असतं, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. टायरचं नव्हे, ते तर कुणालाही दिसतं. चाकाच्या पोटात, चेनच्या दातेरी चक्राच्या मागे, कलिंगडाच्या फोडींसारखे रबराचे जाड तुकडे दाटीवाटीने बसवलेले असतात. इंजिनाने ओढ घेतली की तो हिसका आधी ही रबरं खातात आणि मगच चाक फिरतं. ती झिजली की हिसका सरळ चाकाला, चाकाकडून सीटला आणि सीटवर बसलेल्याच्या मणक्याला. हे सगळं मी सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या घरापुढच्या ओट्यावर, साड्यांना टिकल्या लावता लावता शिकले. शिकवणाऱ्याला शिकवायची अजिबात हौस नव्हती. मीच प्रश्न विचारायचं थांबत नव्हते. माहेरी मला चौकशी खातं म्हणायचे ते काही उगाच नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे सुरतेत मागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. उमेदीची सगळी वर्षं त्या खडखडाटात गेली आणि त्यात कान गेले. जॉबरचं निम्मं काम कानावर चालतं. सगळे माग एकदम चालू असताना कुठला एक बेसूर वाजतोय, ते त्याला दारातूनच कळायला हवं. ह्यांना कळेनासं झालं, तेव्हा शेटने एक दिवस गोड बोलून सांगितलं, "मास्टर, हवे आराम करो," म्हणजे आता घरी बसा. झालं, आराम सुरू!

ह्यांना ऐकू येत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, एकट्या ह्यांनाच मान्य नव्हतं. कुणी काही बोललं की मान डोलवायची आणि "हां हां" म्हणायचं, ही ह्यांची युक्ती. एकदा शेजारीण म्हणाली, "भाऊ, तुमच्या चपलेवर पाल बसलीय." हे म्हणाले, "हां हां," आणि पाय सरकवला चपलेत. पाल कशीबशी वाचली. मी त्यावरून हसले तर माझ्यावरच खेकसले, "बहिरा व्हयनू काय मी?" घरात आमची अहिराणीच चालायची, आणि रागावले की ह्यांची अहिराणी फार धारदार व्हायची.

पुढे काय करायचं, तर म्हणाले मोटारसायकली दुरुस्त करीन. मागही लोखंडाचा, गाडीही लोखंडाची. दिवाळीपर्यंत बघू, जमलं नाही तर खान्देशात गावी परत. गावाचं नाव काढलं की मी विषय बदलायचे. तिथे भावकीच्या घरात एक खोली वाट्याला यायची, चूल जावेच्या हाताखाली. इथे खोली भाड्याची असली तरी दाराची किल्ली माझ्या कमरेला होती. पण खरी भीती वेगळीच होती. गावात माणसाला त्याच्या उण्यानेच हाक मारतात. एका पायाने अधू तो लंगड्या, तसा आमचा हा हाताचा एवढा कसबी माणूस तिथे मरेपर्यंत बहिऱ्या होऊन बसला असता. ते मला सहन झालं नसतं. मी चार घरची भांडणं ओढवून घेतली असती.

म्हणून पहिली गाडी दारात आली तेव्हा मी मनातल्या मनात तिला ओवाळलं. गाडी होती पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या रेल्वेतल्या भाऊंची. हे भाऊ अकोल्याकडचे, येता जाता "जय भीम वहिनी" केल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. गाडी काळी, जुनाट आणि म्हशीसारखी जड, तसली गाडी बनवणंही कंपनीने बंद केलेलं. गिअर टाकला की ती असा हिसका द्यायची की भाऊंचा डबा हँडलवरून उडायचा. रोज पहाटे ड्युटीवर जायचं तर त्यांना दुसरं साधन नव्हतं. बाकीच्या मेकॅनिकांनी त्यांना एकच सल्ला दिला होता, भंगारात घाला.

"वस्ताद, तुमच्यानं होत असंल तर बघा," भाऊ म्हणाले.

"हां हां," हे म्हणाले. यावेळी उत्तर बरोबर बसलं.

ह्यांनी गाडी स्टँडवर लावली, चालू केली, पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. मला वाटलं, आता डोक्यावरही परिणाम झाला. तर नाही, हे दातांनी ऐकत होते! कारखान्यातही शेवटी शेवटी असंच करायचे म्हणे, मला कधी सांगितलं नव्हतं. ह्यांचं झाल्यावर मीही पेचकस पुसून दातांत धरून बघितला. अगं बाई! कवटीत कुणीतरी दाणे कुटतंय असं वाटलं. मी ओरडून उडी मारली, तर हे कधी नव्हे ते खळखळून हसले. त्यांना मात्र त्यातून हवं ते कळलं होतं. इंजिन ठीक आहे म्हणाले, रोग मागे आहे.

मागचं चाक उघडलं तर आतून काळा चुरा सांडला. रबरांचं पार काजळ झालं होतं. आम्ही दोघं स्टेशनकडच्या पार्टच्या दुकानांतून हिंडलो. मी बरोबर असायचे, कारण दुकानदार काय बोलतो ते ऐकायला कुणीतरी हवं. अर्थात तसं म्हणायचं नाही, मला भाजी घ्यायची आहे असं म्हणायचं. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून धुळीने माखलेली पुडी काढली. "बेन, आ छेल्लो सेट छे. हवे नहीं मळे." शेवटचा संच, यापुढे मिळायचा नाही. रबरं कडक झाली होती आणि वर पांढरट पावडर धरली होती. पण आकार बरोबर होता. आम्ही खुशीत परतलो, येताना मी खरोखरच भाजीही घेतली.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला या टोकाकडून त्या टोकाकडे फेकणारा एक ठोकळा असतो, त्याला पिकर म्हणतात. तो म्हशीच्या कातड्याचा असतो आणि दिवसभर धोट्याचा मार खातो. नवा पिकर कोरडा लावला तर लगेच फुटतो. म्हणून जॉबर लोक पिकर आधी तेलात बुडवून ठेवतात, महिनोन्महिने. त्याला तेल पाजणं म्हणतात. कातडं तेल पितं, चिवट होतं आणि मग कितीही मार खातं. प्रत्येक जॉबरचा स्वतःचा तेलाचा डबा असतो, त्याला दुसऱ्याने हात लावलेला त्याला खपत नाही. कारखाना सुटला तेव्हा ह्यांनी हत्यारांबरोबर आपला डबाही घरी आणला होता. खाटेखाली ठेवलेला, घरभर वास.

ह्यांनी ती शेवटची रबरं त्या डब्यात टाकली.

मला कळलं ते दोन-चार दिवसांनी, खाटेखाली झाडू मारताना. विचारलं तर म्हणाले, "मार खानारी वस्तूले तेल पाजनं पडस." इतक्या शांतपणे, इतक्या खात्रीने म्हणाले की मलाही पटलं. जन्मभर ज्याने पिकर टिकवले त्याला मी काय सांगणार? कोरडी पडलेली रबरं, थोडं तेल पितील, मऊ होतील.

भाऊ गाडी न्यायला येणार त्याच्या आदल्या सकाळी ह्यांनी डबा बाहेर ओढला. झाकण काढलं आणि आत वाकून बघितलं. रबरं भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगली होती. एक हातात घेऊन दाबलं तर नख आत गेलं आणि कोपरा तुटून आला. चाकाच्या खाचेत घालून बघितलं, मावेना. दाबून बसवलं तर चिरडलं. मी डोक्याला हात लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. "अहो, रबर काय म्हशीचं कातडं आहे का? म्हशीने दिलंय का ते? झाडाचा चीक तो!" मी ओरडत होते आणि हे माझ्या तोंडाकडे बघत होते. अर्धंच ऐकू गेलं असेल, पण समजलं पूर्ण. हात पुसले, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "गावले चाली जाऊत." दिवाळी अजून लांब होती.

मी चरकले. ते रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी साधं म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांची एवढ्या वर्षांची विद्या चुकीची नव्हती, ती फक्त चुकीच्या वस्तूला लावली होती. पण हे त्यांना त्या वेळी कोण समजावणार, आणि कुठल्या कानात?

मी भाऊंच्या घरी जाऊन अजून आठवडा लागेल असं सांगून आले. ते "चालंल वहिनी" म्हणाले खरे, पण चेहरा पडला. परत आले आणि माझं चौकशी खातं उघडलं. माझ्या डोक्यातून जाईना, कातडं तेल पिऊन चिवट होतं, मग रबर का मऊ पडतं? सगळ्याच रबराचं असं होतं की याच्याच नशिबी आलं? घरात रबर काय कमी असतं? कुकरची जुनी रिंग होती, सायकलची फाटकी ट्यूब होती, चपलेचा तुटका पट्टा होता. प्रत्येकाचे बारीक तुकडे केले. एक-एक तुकडा वर्तमानपत्राच्या कडेवर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारली. मग चहाच्या कपांत पाणी, शेंगदाण्याचं तेल, घासलेट आणि ह्यांच्याकडचं गाडीचं ऑइल ओतून तुकडे बुडवले. चहाला कप उरला नाही, तो आम्ही वाटीतून प्यायलो. ह्यांनी विचारलंसुद्धा नाही की हे काय मांडलंय.

मला मात्र इतकी गंमत वाटायला लागली की मधेमधे मी आमचं दुःखच विसरायचे. टिकल्या लावायच्या सोडून उठून कप बघायचे. पाण्यातला तुकडा जसाच्या तसा रेघेत बसायचा. घासलेटमधला सर्वांत आधी रेघेबाहेर गेला, लठ्ठ झाला. ऑइलमधले सावकाश फुगले. कुकरची रिंग जरा तग धरून होती, ट्यूबचा तर लाडू झाला. म्हणजे सगळं रबर एका जातीचं नसतं! चेनचं तेल चाकात उडणारच, म्हणून आता मला हवं होतं तेलात न फुगणारं रबर, आणि ते कुठे मिळतं हे मला माहीत नव्हतं.

ते माझ्या पायाखालीच होतं म्हटलं तरी चालेल. साड्यांच्या फॉल-बिडिंगसाठी माझं शिलाई मशीन होतं. ते फार हादरायचं म्हणून माझ्या भावाने त्याच्या पायांखाली ठेवायला काळ्या रबराचे जाड तुकडे आणून दिले होते. भाऊ माझा पांडेसऱ्यात डाइंगच्या कारखान्यात कामाला. तिथे ओलं कापड पिळायला मोठाले रोल असतात आणि त्यांच्यावर हे रबर चढवलेलं असतं. जुनं झालं की ते सोलून टाकतात. त्या दिवशी मी मशीनला तेल घालत होते, तेल नेहमीसारखं ओघळून खाली गेलं आणि मी फडक्याने पुसायला वाकले. वर्षानुवर्षं तेल पडतंय त्या तुकड्यांवर! नख लावून बघितलं, लागेना. रेघ मारायचीही गरज नव्हती, तरी मी एक चकती कापली, भोवती रेघ मारली आणि ऑइलच्या कपात टाकली. दोन दिवसांनी काढली तेव्हा रेघेत चपखल बसली.

मी ती चकती ह्यांच्या तळहातावर ठेवली. आधी झटकून टाकत होते. "डाइंगनं रबर गाडीमां?" मी हलले नाही. मग अंगठ्याने दाबलं, वाकवलं, दाढेखाली चावून बघितलं. ह्यांच्या बोटांना खोटं बोलता येत नाही. उठून बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "मोठा तुकडा भेटी का?"

भावाने रविवारी रोलच्या सालाचा चांगला जाड तुकडा आणला, त्यात कुठल्याशा गुलाबी रंगाचे डाग मुरले होते. पण कापायचं कसं? करवत लावली तर रबर फाटायचं, सुरी अर्ध्यात अडकायची. हे घामाघूम. मी धुणं टाकून मदतीला आले, हाताला साबणाचा फेस तसाच. सुरी धरली मात्र, आणि ती लोण्यातून जावी तशी रबरातून खाली गेली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी परत केलं, परत तसंच. मग काय, विळी घेतली, पात्याला साबणाचं पाणी लावलं आणि कलिंगड चिरायला बसावं तशी बसले. चिरून देणारी मी, कानशीने घासून खाचेत अचूक बसवणारे हे. शेजारपाजारच्या बाया बघून गेल्या. एकीने विचारलं, "आज कसली भाजी?" मी म्हटलं, "रबराची, वाढू का?"

चाक बसलं आणि आम्ही गाडी चालवून बघायला कामरेजच्या रस्त्याला निघालो. मी पदर खोचून मागे. गिअर पडला. मी हिसक्याच्या धास्तीने ह्यांची कंबर घट्ट धरली होती, पण हिसका आलाच नाही. गाडी नुसती पुढे सरकली. मला इतका आनंद झाला की मी मागून ओरडले, "जमलं हो!" ह्यांना अर्थातच ऐकू गेलं नाही. पण मला दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं. मागून कुठूनतरी बारीक टिकटिक, वेग वाढला की वाढणारी. मी ओरडून सांगितलं. हे म्हणाले, "हां हां." पुन्हा सांगितलं. "हां हां."

पुढे उसाच्या शेताच्या कडेला ह्यांनी गाडी थांबवली. बंद केली. खाली उतरून माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं आता चिडणार. "माले ऐकू येत नही," ते म्हणाले. "कैक वरीस व्हयनात. चालती गाडीवर दात लावता येत नहीत. तू ऐक आनि माले सांग."

इतकी वर्षं मी भांडून, हसून, टोमणे मारून हे वाक्य त्यांच्या तोंडून काढायचा प्रयत्न केला होता. आणि आता ते आलं तर मला नको झालं. रडू आवरेना. रस्त्यावरचे ट्रकवाले बघत होते. ह्यांनी रुमाल दिला, तोही ऑइलचा. मग आम्ही ठरवलं, आवाज आला की मी उजव्या खांद्यावर बोट दाबायचं, थांबला की काढायचं. पुन्हा निघालो. बोट दाबलं, काढलं, दाबलं. हे कधी वेग कमी करायचे, कधी जास्त, आणि माझ्या बोटावरून समजून घ्यायचे. एका ठिकाणी उतरले आणि चेनच्या कव्हरला नेमका जिथे चेन घासत होती तिथे एक ठोका दिला. टिकटिक गेली.

संध्याकाळी रेल्वेतले भाऊ आले. गल्लीतली माणसंही जमली होती, भंगारातली गाडी कशी चालते ते बघायला. भाऊ एक फेरी मारून आले, उतरले, गाडीच्या टाकीवरून हात फिरवला. मग ह्यांच्याकडे वळून काहीतरी विचारलं. ह्यांना ते कळलं नव्हतं, मला तर लगेच दिसलं. आता मान डोलणार, आता "हां हां" येणार, म्हणून मी उत्तर द्यायला पुढे झाले.

"भाऊ," हे सगळ्यांसमोर म्हणाले, "मला ऐकू येत नाही. जरा समोर येऊन बोला."

भाऊ दोन पावलं पुढे आले, ह्यांच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि सावकाश विचारलं, "रबरं कुठं भेटली, वस्ताद?" ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी आत गेले आणि गुलाबी डागांचा उरलेला तुकडा आणून भाऊंच्या हातावर ठेवला.

दिवाळीच्या आत ह्यांनी ओट्यावर पत्र्याची पाटी लावली. वर "मोटारसायकल रिपेरिंग" आणि खाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि गुजरातीत: "कारागिराला ऐकू येत नाही. समोर उभं राहून बोलावं." रंगवताना मी म्हटलं, अहो, एवढं मोठं कशाला? हे माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, लांबून दिसलं पाहिजे.